सामायिक बोट

आमच्या धंद्यात एक वेडेपणा कित्येक वर्षं बिनबोभाट चालला. समुद्रात दोन कंपन्यांचे तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म एकमेकांचे दिवे दिसतील इतक्या जवळ, पण प्रत्येकीची बोट वेगळी. एक डिझेल घेऊन निघायची, दुसरी पिण्याचं पाणी, दोघी अर्ध्या रिकाम्या आणि एकाच वाटेने. पुढे तेलाचे भाव पडले तेव्हा साहेब लोकांना शहाणपण सुचलं. एरवी टेंडरवरून एकमेकांच्या नरडीला हात घालणाऱ्या तीन कंपन्या एका टेबलाशी बसल्या आणि बोट सामायिक झाली.

मला त्यात काही नवल वाटलं नाही. वटारला आमच्या वाडीतली विहीर तीन चुलत घरांत सामायिक आहे. पंपाची पाळी ठरलेली आहे, आणि पाळीवरून बोलणं बंद केलेली माणसंही ठरलेली आहेत.

मी त्यातल्या एका कंपनीत बोटींच्या टेबलावर बसतो. बोट कधी निघणार, काय नेणार, आधी कोणाकडे जाणार, हे बघायचं. बोटीबरोबर हे टेबलही सामायिक झालं. आठवडाभर एका कंपनीच्या माणसाने बसायचं आणि तिघांच्या वतीने बोलायचं. माझा धाकटा भाऊ दुसऱ्या कंपनीच्या प्लॅटफॉर्मवर रेडिओ ऑपरेटर आहे. दोन्ही मुलं वैऱ्यांच्या घरी नोकरीला, म्हणून वडील आमची टर उडवायचे. म्हणायचे, दोघं मिळून एक बोट इकडे आणा, आपली केळी तरी मुंबईला जातील.

ते आजारी पडले तेव्हा धाकट्याची समुद्रावरची पाळी संपायला बराच अवकाश होता. वडिलांना विरारच्या हॉस्पिटलात हलवलं. डॉक्टर माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघायला लागले, तेव्हा मी काय ते समजलो. वडिलांची शुद्ध येत-जात होती. शुद्धीवर आले की एकच विचारायचे, ‘तो निघाला का?’ आई दर वेळी सांगायची, ‘निघालाय. वाटेत आहे.’

तो निघाला नव्हता. ढग इतके खाली आले होते की हेलिकॉप्टरं बंद होती. उरली बोट. ती आमच्या प्लॅटफॉर्मवर पाइप उतरवून मग त्याच्याकडे जाणार होती. त्याच्या कंपनीने त्याला रजा दिली, माझ्या कंपनीने बोटीत जागा दिली. घरच्या आजारासाठी दोन कंपन्या इतक्या पटकन हो म्हणालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मला बरं वाटलं. मी आईला हॉस्पिटलात बसवलं, बायकोला तिच्या सोबतीला ठेवलं आणि कामावर गेलो. आठवडा माझाच होता, आणि टेबलावर मी असलो म्हणजे बोट वेळेत फिरेल, असं मला वाटत होतं. 

दुपारी आमच्या प्लॅटफॉर्मवर एक वेल्डर छातीला हात लावून खाली बसला. तिथल्या डॉक्टरने तपासलं आणि त्याला क्रेनच्या टोपलीतून बोटीवर उतरवलं. मग कॅप्टनने रेडिओवर विचारलं, ‘पेशंट बोर्डावर आहे. पुढे कुठे?’

सामायिक कारभाराचे कागद वकिलांनी चांगले जाडजूड केले आहेत. त्यातला एकच नियम मला मनापासून पटतो. पेशंट कुठल्याही कंपनीचा असो, तो बोटीवर आला की बाकी सगळं रद्द आणि बोट सरळ किनाऱ्याला. कोणाला विचारत बसायचं नाही. हा नियम ठरला तेव्हा मीच टेबलावर हात आपटून बोललो होतो.

धाकट्याचा प्लॅटफॉर्म उलट्या दिशेला होता. जाऊन परत फिरायचं म्हणजे पेशंटची संध्याकाळ समुद्रातच झाली असती. खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. वेल्डरला कदाचित नुसता गॅस झाला असेल, असंही मनात येऊन गेलं. त्या माणसाला मी ओळखत नव्हतो. वडिलांना मात्र ओळखत होतो, आणि ते दाराकडे डोळे लावून पडले होते. 

रेडिओचा चॅनेल सगळ्यांचा एकच. मी जे बोलणार ते तिन्ही कंपन्यांचे सगळे प्लॅटफॉर्म ऐकणार. त्यातल्या एकावर माझा भाऊ बॅग भरून रेडिओपाशी बसला होता, कारण ड्यूटी त्याचीच होती.

मी कॅप्टनला सांगितलं, सरळ जेट्टीला या. मग धाकट्याच्या प्लॅटफॉर्मला हाक मारली आणि सांगितलं, तुमचा कॉल कॅन्सल, बोट येणार नाही. रेडिओवर ना नावं घेतात, ना नाती. पलीकडून त्याचा आवाज आला, ‘कॉपीड. आमचा कॉल कॅन्सल.’

वडील दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. शेवटपर्यंत आई त्यांना सांगत होती, वाटेत आहे. बोट पुन्हा कधी फिरेल ते मलाही सांगता येत नव्हतं आणि ढग काही उठत नव्हते. भावकीतले म्हातारे कुजबुजायला लागले, किती वेळ ठेवायचं? अखेर त्याच्याविनाच मी अग्नी दिला. 

तो आला तेव्हा अस्थीसुद्धा गोळा झाल्या होत्या. आत्या त्याच्या गळ्यात पडून रडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, ‘याच्या कंपनीचा मानूस होता म्हनून बोट वळवली याने. तुमच्या कंपनीचा असता तर वळवली असती काय?’

मी वळवली असती. पण हे कोणाला पटवणार? माझ्या अंगाचा भडका उडाला होता, पण सुतकाच्या घरात आत्याशी काय भांडायचं?

धाकटाच तिला म्हणाला, ‘आत्या, गप्प बस. दादाने बरोबर केलं.’ मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘वाचला ना तो?’

‘वाचला,’ मी म्हणालो. खरंच वाचला होता. अजून तासभर गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

‘बरं झालं,’ तो म्हणाला.

मला हायसं वाटलं, इतकं की लाज वाटावी. जेवणं झाल्यावर तो वाडीत केळींकडे गेला, म्हणून मीही मागून गेलो. वाटलं, आता दोघं मिळून रडू. तो एका केळीची सुकलेली पानं ओढून काढत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘बोटीचं काय नाय दादा. तुझ्या जागी मी असतो तर मीपण तेच केलं असतं.’

‘मग?’

‘तुझा आवाज. जरासुद्धा हलला नाय. पानी नाय, डिझेल नाय, कॉल कॅन्सल, सगळं सेम. मला वाटलं, बाबा आहेत अजून, बरे आहेत. दादाचा आवाज नॉर्मल आहे म्हणजे टेन्शन नाय. मी बॅग उघडून कपडे परत कपाटात लावले. घरी फोनपण नाय केला त्या रात्री.’

त्या रात्री वडील शुद्धीवर होते. फोन त्यांच्या कानाशी धरता आला असता.

आता तो घरी आला की आईला भेटतो, माझ्या मुलांना खाऊ आणतो, मला दादाच म्हणतो. पण समुद्रावर गेला की मला फोन करत नाही. आठवडा माझा असला की सकाळी रेडिओवर त्याचा आवाज येतो. पाणी किती, डिझेल किती, वारा कुठला, सगळं एका सुरात. तो बरा आहे का, मला त्यातून कळत नाही.