सुरकुतीचं बी

लाँड्रीवालीला ते टोमॅटो लांबूनच ओळखू आले. काळपट लाल, देठाशी चुण्या पडलेले. घरात त्यांना सुरकुती म्हणायचे. तिचे वडील, अण्णा, नळदुरुस्ती करायचे आणि तीस वर्षं दरसाल तेच बी राखायचे. परसबाग मंडळाच्या प्रदर्शनात ते पहिल्या बक्षिसाच्या टेबलावर होते, आणि शेजारी पाटी: ‘नवीन जात. मंडळाच्या अध्यक्षांनी स्वतः तयार केलेली.’

अध्यक्ष म्हणजे तिचा धाकटा भाऊ.

अण्णा गेल्यावर बियांचा डबा त्याने नेला होता. दोन वर्षांपूर्वी तिने दहा बिया मागितल्या, तर म्हणाला, “उंदरांनी खाल्लं गं सगळं, ताई.” तिने विश्वास ठेवला होता. त्या विश्वासाचीच तिला आता जास्त चीड आली.

चवीसाठी फोडी ठेवल्या होत्या. तिने एक तोंडात टाकली आणि चार रुमालात गुंडाळल्या. भाऊ समोरूनच हात हलवत होता. तिनेही हलवला.

घरी येऊन तिने गर पाण्यात भिजत घातला. तीन दिवसांनी बुळबुळीतपणा सुटला, बिया खाली बसल्या. सव्वीस. पण मोसम टळून गेला होता. लोकांच्या झाडांना फळं लागली होती आणि हिची अजून बीच भिजत होती. शेजारचा चांभार हसला. “आता पेरणार? वरात गेल्यावर घोडा सजवतेस!”

“घोडा माझा आहे,” ती म्हणाली. “मी कधीही सजवीन.”

लाँड्रीत बॉयलरच्या डोक्यावर एक फळी होती, कायम कोमट. तिथे तिने खळीच्या रिकाम्या डब्यांत माती भरून बिया पेरल्या. पाचव्या दिवशी कोंब वर आले. एकोणीस रोपं जगली. ती दुकानाच्या काचेमागे मोठ्या कुंड्यांत हलवली. मधमाशी आत येईना, म्हणून रोज सकाळी ती फुलांना बोटाने टिचक्या मारायची. टिचकी मारताना भावाचं कपाळ डोळ्यांसमोर आणायची. हात छान चालायचा.

बाहेर थंडी पडली, सगळ्यांची झाडं काळी पडली. वाफेच्या उबेत सुरकुत्या मात्र पिकत होत्या. तिने एकही खाल्ली नाही. सगळ्यांचं बी काढलं, कागदाच्या बारीक पुड्या बांधल्या, प्रत्येकीवर लिहिलं: ‘सुरकुती. आमच्या अण्णांनी तीस वर्षं राखलेलं बी.’ मग धुतलेल्या कपड्यांच्या प्रत्येक गठ्ठ्याला एकेक टाचली. मंडळाच्या सभासदांच्या शर्टांना दोन-दोन, आणि त्यांवर एक ओळ जास्त: ‘प्रदर्शनातली “नवीन जात” ती हीच.’

आठवड्याभरात भाऊ दुकानात आला. कान लाल झाले होते.

“सभेत सगळ्यांनी पुड्या काढून दाखवल्या मला! अध्यक्षपद सोडावं लागलं. नाक कापलंस माझं!”

“कापलं नाही रे. चुण्या होत्या, इस्त्री फिरवली.”

“एका टोमॅटोपायी? सख्ख्या भावाला?”

“अण्णांचं नाव पुसलंस तेव्हा सख्खा नव्हतास?”

तिने पुढच्या शर्टाची कॉलर पसरली, इस्त्री टेकवली. वाफ उठली, आणि ती ओसरेपर्यंत तो गेला होता. त्या दिवशी ती घरी जाऊन मनसोक्त जेवली. आपल्याला वाईट वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही.

महिन्याभराने भावजय कपडे घेऊन आली. “यांचेही आहेत. धुशील ना?”

“ठेव. माझं भांडण माणसाशी आहे, पँटशी नाही.”

भावजय घुटमळली. मग हळूच म्हणाली, “एक पुडी मला दे ना. यांना कळू देणार नाही.”

लाँड्रीवालीने तिच्याकडे पाहिलं. भावजय वाईट नव्हती. अण्णांच्या शेवटच्या दुखण्यात तिनेच सगळं केलं होतं. हिचा हात पुड्यांच्या खणापर्यंत गेलाही.

“नको,” ती म्हणाली. “तुझ्या अंगणात रुजलं की उन्हाळ्यापर्यंत ते त्याचंच होईल. तुला टोमॅटो खावासा वाटला तर इथे ये, मी कापून देईन. बिया काढून.”

भावजयीने रिकामी पिशवी घडी घालून काखेत धरली आणि “गुरुवारी येते” म्हणून निघाली.