पानावरून उठायची मुभा

आमच्या दहिवलीच्या घरात आजही जमिनीवर बसून जेवतात. बाबा शिक्षक, आता निवृत्त. ताटात काही टाकायचं नाही आणि ताट संपल्याशिवाय उठायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा उठलं, हात धुतला, की जेवण झालं. परत येऊन बसायची पद्धतच नाही. ऐकायला साधं वाटतं. माझ्यावर तो नियम कसा चालवला गेला ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

वालाचं बिरडं मला लहानपणी गिळता येत नसे. बाबा आपलं जेवण उरकत, हात धुऊन चूळ भरत आणि खुर्ची ओढून माझ्यासमोर पेपर तपासत बसत. "संपव." एवढंच. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. बिरडं गार व्हायचं, त्याच्यावर साय धरल्यासारखं काहीतरी यायचं आणि माझा उष्टा हात पंख्याखाली वाळायचा. बोटांची कातडी आवळून यायची. एका दुपारी बसल्या जागी माझी चड्डी ओली झाली. आधी संपव, मग बदल, असं बाबा म्हणाले. मी संपवलं.

पुढे नोकरी लागली, खोपोलीला, आणि डबा माझ्या ताब्यात आला. पहिल्यांदा तो न उघडता परत आणला, त्या दिवशी मला जे सुख झालं ते आजही नाकारणार नाही. कोणाला पत्ता नाही! रात्री बाहेरच खाऊन आले म्हणायचं, अशी काही वर्षं गेली. मग केस गळायला लागले, पाळी थांबली आणि पळसदरीच्या वळणावर मी स्कूटरसकट आडवी झाले. कर्जतच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्त तपासलं आणि तिथूनच मला खोपोलीच्या एका थेरपिस्टबाईंकडे पाठवलं.

मी गेले ती भांडायच्या तयारीनेच. आता ही बाई वजनकाटा काढणार, तक्ता देणार, समोर बसून खायला लावणार. तिने विचारलं, "दार लावू की उघडं ठेवू? तुम्हाला कुठे बसायला बरं वाटेल?" मला रागच आला. खुर्ची कुठे ठेवायची हे ठरवायला का मी पैसे देतेय? तरी दाराजवळची खुर्ची धरली आणि दार उघडं ठेवायला सांगितलं. पुढचे कित्येक शनिवार तिने खाण्याचं नावही काढलं नाही. काय खाता हे न विचारता एक दिवस तिने विचारलं, "तुम्ही जेवायच्या तेव्हा समोर कोण असायचं?" त्या दिवशी घरी परतताना मला दोनदा स्कूटर बाजूला घ्यावी लागली.

मग आम्ही एकत्र जेवायला लागलो, आपापला डबा घेऊन. दोन घास झाले की मी उठून हात धुऊन यायची. खरं तर यायची नाही, हात धुतले की माझं जेवण संपायचं. तिने ते पाहिलं होतं. एकदा म्हणाली, "हवं तितक्यांदा उठा. ताट इथेच राहील, मी हात लावणार नाही. परत यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा." पहिले काही आठवडे मी उठले आणि बेसिनपाशीच उभी राहिले. एक दिवस परत आले. उठता येतं म्हटल्यावर बसणंही जमतं, एवढी साधी गोष्ट मला तिशीत कळली.

पण शनिवारच्या एका जेवणावर माणूस जगत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, येत्या मंगळवारी नाडी अशीच मंद असली तर मुंबईला दाखल व्हावं लागेल. म्हणजे पुन्हा कोणीतरी खुर्ची घेऊन समोर बसणार. घरी जेवायला हवं होतं, बाबांसमोर. त्यांच्याशी बोलू का, असं थेरपिस्टबाईंनी विचारलं. मी नको म्हटलं. फक्त आईला सांगितलं, मी मधेच उठले तर ताट उचलू नकोस.

आई पोशीरची, काळजीत पडली की तिची बोली वर येते. "आणि माश्या बसल्या म्हंजे गं?"

"जाळी झाक."

"आणि ह्यांना?"

"त्यांना काही सांगायचं नाही."

रविवारी पानात भात, आमटी, बटाट्याची भाजी आणि बिरडं. बाबांना रविवारी बिरडं लागतं. मी भात कालवला. बाबा भराभर जेवत होते, नेहमीसारखे. खुर्ची भिंतीला टेकून होती, तीच. माझी बोटं वाळायला लागली. बाबा म्हणाले, "बिरडं घेतलं नाहीस."

मी उठले.

मागच्या नळाखाली हात धरला. बाजूच्या खिळ्याला स्कूटरची किल्ली होती. बाहेर पडले असते तर कोणी अडवलं नसतं. आतून खुर्ची सरकल्याचा आवाज येतो का, तेवढंच मी ऐकत होते. आवाज आला नाही. मी परत गेले.

ताटावर जाळी होती. आई दारात उभी, पदर तोंडाला. बाबांचं ताट स्वच्छ होतं, पण ते पाटावरच होते, नजर बाहेर अंगणाकडे. मी बसले, जाळी काढली, जेवायला लागले. पुन्हा बोटं आवळली, पुन्हा उठले, पुन्हा आले. बाबा तिथेच.

आई शेवटी न राहवून म्हणाली, "अवो, हात तरी धुवा, वाळला."

"तिचं होऊ दे," बाबा म्हणाले.

मला आधी संताप आला. हे तेव्हा कुठे गेलं होतं? मग डोळे भरून आले, आणि तेही मला आवडलं नाही. भात, आमटी, भाजी खाल्ली. बिरडं ताटात तसंच ठेवून उठले. बाबांनी ते पाहिलं. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांवर भाताची पांढरी शितं सुकून चिकटली होती.

नंतर आईला विचारलं, तू सांगितलंस का त्यांना? "मी नाय काय बोलले," ती म्हणाली.

मंगळवारी नाडी जरा सुधारली होती आणि दाखल होणं टळलं, निदान तेव्हापुरतं. मी बाबांना माफ केलेलं नाही, करेन की नाही माहीत नाही. त्या रविवारी माझ्यामागून ते नळावर गेले आणि बराच वेळ हात चोळत राहिले. वाळलेला भात बोटांवरून लवकर निघत नाही, हे मला ठाऊक आहे.