चौदाव्या प्रश्नाचं उत्तर

सुनंदाताई ट्रेनिंग रूममधून बाहेर आल्या आणि माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. "सर, फेल लिहून आलं," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या मागोमाग आणखी तिघे तसेच बाहेर आले. सहापैकी चार नापास. मी लॅपटॉप आपटून बंद केला आणि थेट साहेबांच्या केबिनकडे निघालो.

मी बीडमधल्या एका डेटा एंट्रीच्या ऑफिसात ऑटोमेशनचं काम बघतो. विम्याचे क्लेम फॉर्म आमच्याकडे येतात, त्यातली माहिती पोर्टलवर भरायची. हे काम आता बॉट करणार होता. बॉट म्हणजे यंत्रमानव वगैरे काही नाही. माणूस स्क्रीनवर जे क्लिक करतो, टाइप करतो, तेच करणारा प्रोग्राम. क्लायंटची अट अशी की बॉटवर काम करणाऱ्या प्रत्येकाकडे त्या सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेट पाहिजे. ज्याच्याकडे नाही, त्याची या प्रोजेक्टमधली खुर्ची गेली. नेकनूरहून रोज बसने येणाऱ्या सुनंदाताई नऊ वर्षं हेच फॉर्म भरत होत्या. कुठल्या फॉर्मला पोर्टल कुठे अडतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

परीक्षेला महिना होता. मी शिकवायला सुरुवात केली. चौथ्याच दिवशी साहेबांनी कुठून तरी डंप आणला. डंप म्हणजे जुन्या परीक्षांतले प्रश्न आणि उत्तरं, चोरून जमवलेली.

"साळवे, तुमचं शिकवणं राहू द्या. हे पाठ करून घ्या सगळ्यांकडून."

"साहेब, परीक्षेत पर्यायांचा क्रम बदलतो. आणि यातली काही उत्तरं चक्क चुकीची आहेत."

"तुमालाच लई कळतं का? गाईड पाठ करूनच पास झालो ना आपण सगळे?"

हे सगळ्यांसमोर. दोघंतिघं हसली. माझं डोकं फिरलं. करा मग तुमच्या मनासारखं, म्हटलं आणि शिकवणं बंद केलं. ऑफिसात पाढे सुरू झाले. चहाच्या वेळी एकानं "बारा?" म्हणायचं, दुसऱ्यानं "ए" म्हणायचं. बारावा प्रश्न काय होता, ते दोघांनाही ठाऊक नसायचं.

परीक्षेच्या आठवड्यात सुनंदाताई डंप घेऊन आल्या. "सर, चौदाव्याला सी कावून दिलंय? मला तर डी वाटतंय."

प्रश्न असा होता: पान उघडायला वेळ लागत असेल तर बॉटने काय करावं? डंपचं उत्तर सी, म्हणजे दहा सेकंद थांबून क्लिक करावं; डी होतं, बटण दिसेपर्यंत थांबावं.

"आपलं पोर्टल कधी लगेच उघडतं, कधी चांगलं मिनिटभर लावतं," ताई म्हणाल्या. "दहा सेकंदानं कसं भागंल? बटण दिसंस्तोवर थांबाय पाह्यजे न्हाई का?"

अगदी बरोबर होतं. पण माझ्या डोक्यात साहेब बसलेले. "मला विचारू नका ताई. पाठ करायला सांगितलंय ना, करा पाठ."

त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

निकालाच्या दिवशी केबिनमध्ये मी साहेबांना तोंडाला येईल ते बोललो. ते खुर्चीतून हललेसुद्धा नाहीत. "तुमी शिकवायचं सोडलं, म्हणून फेल झाले," म्हणाले. अंगाचा तिळपापड झाला. त्यांचं निम्मं खरं होतं, म्हणून जास्तच.

बाहेर आलो तर सुनंदाताई डबा पिशवीत ठेवत होत्या. "चौदावा प्रश्न आलता सर. बटण दिसंस्तोवर थांबायचं, हे उत्तर पहिल्याच नंबरला होतं. मला दिसलं. पण मी सी केलं."

"का?"

"तुमी पाठ करा म्हणलात ना."

सोमवारपासून साहेबांनी त्यांना स्कॅनिंगच्या टेबलावर बसवलं, कागद मशीनमध्ये सरकवायला. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना शिकवू लागलो, डंपशिवाय, आमच्याच फॉर्मवर. दुसऱ्या खेपेला त्या चांगल्या मार्कांनी पास झाल्या. तोवर त्यांच्या खुर्चीवर पुण्याहून आलेला एक जण बसला होता. बॉट अडला की तो उठून स्कॅनिंगच्या टेबलाशी जातो आणि ताईंना विचारतो.

साहेबांवरचा राग गेलेला नाही, जाणारही नाही. फक्त एवढं कळलं की वरच्याशी भांडण असेल तर वरच्याशीच करावं. शिकणाऱ्यानं विचारलं, तर आधी उत्तर द्यावं.