खिडकीच्या दोन्ही बाजूंच्या देवतळेबाई

देवतळेबाई गेल्याचं मला चौथ्या दिवशी कळलं. शाळेत पेपर तपासत बसले होते, शिपायानं त्यांच्या धाकट्या बहिणीचं कार्ड आणून दिलं. धंतोलीच्या दवाखान्यात नऊ दिवस होत्या, त्रास फार झाला नाही, शेवटपर्यंत नर्सच्या तक्त्यातल्या चुका काढत होत्या... एवढंच. त्या शेवटच्या वाक्याला मला हसू आलं, आणि मग बराच वेळ वर्गावर जाता येईना. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. बाई कुणी मोठ्या नव्हत्या. नागपूरच्या एका कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर कारकून होत्या, स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. पण ज्यांच्या घरातून आधी कुणी कॉलेजच्या फाटकातही शिरलं नव्हतं, अशी कितीतरी मुलंमुली त्यांच्यामुळे आत गेली. त्यांतलीच मी. आमच्या घराण्यातली मी पहिली बी.ए., हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते.

लकडगंजात आरा मशीनच्या मागे बाईंच्या दोन खोल्या होत्या. मॅट्रिकची परीक्षा झाली की दर रविवारी आम्ही दहाबारा पोरंपोरी तिथे जमायचो. रविवारी आरे बंद, पण लाकडाच्या भुशाचा वास असायचाच. बाई स्वयंपाकघराच्या खिडकीआड बसायच्या आणि आम्ही अंगणात रांग लावायची. हातात खोटे फॉर्म, रद्दीच्या कागदावर रेघोट्या मारून केलेले. पहिल्याच रविवारी माझ्या पुढचा पोरगा म्हणाला, "बाई, हा माझा फॉर्म..." आतून आवाज आला, "बाई कोण? इथे बाई नाही. शाळा सोडल्याचा दाखला कुठे आहे?" "घरी राहिला." "मग घरी जा." पोरगा खरंच वळला आणि चालू लागला. त्याबरोबर बाई हातातल्या झाऱ्यासकट अंगणात धावत आल्या. "काहून गा, निघाला कुठं? मी जा म्हटलं अन् तू गेला? विचारशीन का नाही मले, किती वाजेपर्यंत आहात म्हणून?" आम्ही सगळे हसलो, पण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रोज पाहते मी. परत पाठवलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी येतच नाही. त्याले वाटते, कॉलेजनं नाही म्हटलं. कॉलेजले तर माहीतच नसते, तो आला होता म्हणून."

खिडकीच्या आत बाईंची मराठी पुस्तकातली असायची, अंगणात आल्या की आपली. त्यामुळे कोण बोलतंय हे आम्हाला डोळे मिटूनही कळे. गुणपत्रिकेच्या नकला कुणाकडून साक्षांकित करायच्या, सगळीकडे सही एकसारखी कशी करायची, हे सगळं त्यांनी अंगणात शिकवलं. खिडकी बंद झाली तर रडत बसायचं नाही, व्हरांड्यातल्या दारांवरच्या पाट्या वाचत जायचं, हेही तिथलंच. खरे फॉर्म आले तेव्हा प्रत्येकाचा त्यांनी तपासला. माझ्या फॉर्मात एकच रकाना कोरा होता, कायमचा पत्ता. "बाबाले विचारून भरते," मी म्हटलं. "भर, अन् मग बापाची सही घे. त्याच्यानंतर एक अक्षर हललं, तर बाजूले पुन्हा बापाची सही लागते. ध्यानात ठेव," त्यांनी बजावलं.

माझे बाबा कन्हानच्या कोळसा खाणीत दिवे वाटायच्या खोलीत कामाला होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाच्या टोपीचा दिवा त्यांच्या हातून जायचा. नागपुरात दीक्षा झाली त्या वर्षी त्यांनी धर्माबरोबर गावही सोडलं. गावाबाहेरच्या वस्तीत आमच्या चार भिंती उभ्या होत्या, पण तिथे परत पाऊल टाकायचं नाही हे त्यांचं पक्कं होतं. आम्ही राहायचो खाणीच्या क्वार्टरमध्ये. "क्वार्टर कंपनीचं हाय, आपलं नाही," बाबा म्हणाले. "अन् त्या गावचं नाव माह्या पोरीच्या कागदावर नाही पाहिजे मले." "मग काय लिहू?" "खरं लिही. नाही म्हणून लिही." मी माझ्या सगळ्यांत चांगल्या अक्षरात 'नाही' लिहिलं, बाबांनी खाली सही केली. काही चुकलं असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

नकलांवर सही देणारे साहेब बाहेरगावी होते. ते येईपर्यंत फॉर्म द्यायचा शेवटचा दिवस उजाडला. साडेअकराला माझा नंबर लागला. खिडकीत खऱ्या देवतळेबाई, पण चेहऱ्यावर ओळखीची रेघ नाही. लाल पेन्सिल रकान्यांवरून उतरत आली आणि थांबली. "कायमचा पत्ता नाही, म्हणजे काय? रकाना अपुरा. वडिलांच्या सहीनिशी दुरुस्त करून आणा. पुढचा." मी फॉर्म तसाच पुढे धरला. "बाई..." "पुढचा!" तरी मी हलले नाही. "किती वाजेपर्यंत आहात?" मी विचारलं. "तीन."

बसनं कन्हान गाठलं. खाणीवर पाळी बदलत होती, दिव्यांसाठी रांग लागलेली. बाबांनी ऐकलं आणि संतापले. "म्हणजे तुही बाई खोटं लिहायले लावून राहिली? कंपनीचं घर मी माह्यं कायमचं लिहू?" मी रडायला लागले. आज सही नाही मिळाली तर कॉलेज गेलं, एवढंच मला बोलता आलं. रांगेतला पहिला माणूस वैतागला. "दादा, दिवा दे ना बे पहिले, पत्ता मंग शोधजो!" त्याच्या मागे एक म्हातारा खाणकामगार होता. त्यानं शांतपणे विचारलं, "रिटायर कधी हून राहिला गा तू?" "हाय अजून अकरा वर्षं." "अन् पोरीचं कॉलेज किती?" "चार," मी म्हटलं. "मंग तिच्यापुरतं कायमचंच झालं ना हे घर? काहून छळतं तिले?" बाबांनी हात पुसले, माझ्याकडून 'नाही' खोडवून क्वार्टरचा नंबर लिहून घेतला, आणि बाजूला सही केली.

येताना कामठीला रेल्वेचं फाटक बंद. कॉलेजात पोचले तेव्हा चार वाजत आले होते आणि खिडकीची काच खाली होती. काचेतून बाई दिसत होत्या, फॉर्मांचे गठ्ठे बांधत होत्या. मी काच वाजवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि पुन्हा सुतळीची गाठ मारायला लागल्या. त्या क्षणी मला त्यांचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. रागातच मी व्हरांड्यातून पाट्या वाचत निघाले. एकीवर 'प्राचार्य' होतं. "काहून वं, कुठं घुसून राहिली?" शिपाई ओरडला, तोवर मी आत होते. सगळी पुस्तकी मराठी विसरून म्हणाले, "सर, मले उशीर झाला. पण माहा फॉर्म आता पूर्ण आहे."

प्राचार्यांनी फॉर्म पाहिला, सकाळचं सगळं ऐकून घेतलं आणि घंटी वाजवून बाईंना बोलावलं. "या मुलीला ओळखता?" "हो सर. दर रविवारी माझ्या घरी येते." "मग सकाळी फॉर्म परत का केला?" "रकाना अपुरा होता." "आणि आता?" बाईंनी तिथे उभ्या उभ्या फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. "आता पूर्ण आहे. दुरुस्तीवर सही आहे. वेळ संपून अठ्ठावन्न मिनिटं झाली आहेत." "अठ्ठावन्न?" "आता एकोणसाठ." प्राचार्यांना हसू आवरेना. त्यांनी फॉर्मच्या कोपऱ्यात शेरा लिहिला. त्याच महिन्यात बाईंविरुद्ध तक्रार झाली होती, की त्या ओळखीच्या पोरांना आत घुसवतात. हे मला आत्ता, त्यांच्या बहिणीला भेटायला गेले तेव्हा कळलं. ओळखत नाही म्हटलं असतं तर कुणी विचारायला येणार नव्हतं. नोकरी टांगणीला लागलेली असताना तो 'हो' त्यांनी कसा उच्चारला असेल, हे मला अजून उमगलेलं नाही.

मला वाटलं, फॉर्म आता इथेच ठेवून घेतील. बाईंनी तो माझ्या हातात परत दिला. "बाहेरून या. खिडकीवर." व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. मी एकटीच रांगेत उभी राहिले. काच वर झाली. "नाव?"

पुढच्या रविवारी मी भांडायच्या तयारीनंच लकडगंजात गेले. "क्वार्टरचा पत्ता लिही, एवढं एक वाक्य तुम्ही सकाळी मले सांगितलं असतं तर?" बाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुह्या मागं चाळीस पोरं उभी होती वं. त्यायले कोण सांगून राहिलं होतं?"

पावतीचं सांगायचं राहिलं. फॉर्म घेतल्यावर बाईंनी पावती फाडून दिली होती. बाकीच्यांच्या पावत्यांवर फक्त सही असायची. माझ्या पावतीवर सहीच्या वर त्यांच्या गोल अक्षरात होतं, 'दुपारी ४.०६. विलंबाने. प्राचार्यांच्या आदेशावरून.' त्या संध्याकाळी बाबांनी ती दिव्याजवळ धरली. "हे काय लिहिलं?" "उशिरा आली, असं." "आली होती का उशिरा?" "हो." बाबा पुन्हा एकदा वाचत राहिले, बोट ठेवून. "मंग बाई खरं लिहिते," म्हणाले. क्वार्टर सुटलं तेव्हा बाबांनी ती आपल्या कागदांतून काढून मला दिली. आता ती माझ्या पदवीच्या गुंडाळीत असते. घडीवर फाटत आलीय, शाई तपकिरी पडलीय. बाईंनी वेळेच्या आकड्यांना दोन्ही बाजूंनी छोट्या आडव्या रेघा मारलेल्या आहेत, कुणाला पुढेमागे त्यात फिरवाफिरव करता येऊ नये म्हणून... मलासुद्धा.