चार पाउंडांची नात

बेकरीतले कामगार बाबांना त्यांच्या माघारी 'पाउंडराव' म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. पाव पाउंडात, केक पाउंडात, तराजूची वजनंसुद्धा जुनी, पाउंडाचीच. सगळं जग किलोवर गेलं तरी बाबांचं उत्तर ठरलेलं: "अर्धा किलो म्हणजे एक पाउंड. त्यात काय एवढं?" आयुष्यभर पाउंड तोलून पाउंडच विकला, म्हणून हा हिशेब कधी कुणाला नडला नाही.

ताईची मुलगी दिवस भरण्याआधीच जन्मली, दीड किलोची. दोन किलो झाली की घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले. आईचा पाय नेमका प्लास्टरमध्ये, त्यामुळे तिला दवाखान्यात जाता येईना. भावोजी रोज फोनवर वजन सांगत आणि आई आणखीच वैतागे. "आकडे नकोत मला. केवढी आहे ते सांगा."

एका दुपारी बाबा फडक्यात गुंडाळलेला पावाच्या पिठाचा गोळा घेऊन आले, तीन पाउंड तोललेला. आईच्या मांडीवर ठेवून म्हणाले, "घे. एवढी आहे."

माझी हसून पुरेवाट झाली. आई हसली नाही. तिने गोळ्याखाली अलगद हात घातला, बाळाच्या मानेखाली घालतात तसा.

मग ते रोजचंच झालं. बाळाने तीस मिली दूध घेतलं असं कळलं की बाबा सांगत, "म्हणजे एक औंस, आपल्या इसेन्सच्या छोट्या बाटलीएवढं." गोळा मांडीवर फुगायला लागला की आई खूश व्हायची. "फुगली म्हणजे वजन वाढलं असं नाही गं," बाबा समजावत.

एके दिवशी वजन उतरलं. मी तेव्हा बेकरीत होते. बाबांनी गोळ्यातलं जरासं पीठ काढलं, परत लावलं, शेवटी काढलंच. त्यांच्याकडे मला बघवेना. त्या दिवशी आईने अंधार पडेपर्यंत गोळा खाली ठेवला नाही.

होता होता चार पाउंडांचा गोळा आला आणि दुसऱ्या दिवशी खरी नात. ताईने तिला आईच्या मांडीवर ठेवलं. आईच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, ही जड आहे."

"दोन किलो म्हणजे चार पाउंड. कालच तर तोलून आणले."

"मांडी माझी आहे. ही जड आहे म्हणजे आहे."

भावोजींनी मोबाइल काढला. पाउंड अर्ध्या किलोपेक्षा जवळजवळ पन्नास ग्रॅमने कमी निघाला. कालच्या गोळ्यात दोनशे ग्रॅमची खोट होती. बाबांचं तोंड एवढंसं झालं.

आईचे डोळे मात्र भरून आले. "म्हणजे जिच्यासाठी मी जीव मुठीत धरून बसले होते, तिच्यापेक्षा ही रोज मोठी होती."

बाबा हात धुऊन आले. "दे आता, मला घेऊ दे जरा."

"थांबा," आई नातीला छातीशी धरत म्हणाली. "इतके दिवस मला कमी नात दिलीत. तेवढी आधी भरून घेऊ द्या."