गावकीच्या खोलीतला शेवटचा माणूस

गुणाजी परब गिरणीत लागला तेव्हापासून लालबागला गावकीच्या खोलीत राहत होता. खोली कुणा एकाची नव्हती. त्याच्या कोकणातल्या गावाने मिळून ती भाड्याने घेतलेली. गावातून नोकरीला येणारा गडी इथेच उतरायचा. भिंतीलगत ज्याची त्याची पत्र्याची पेटी आणि पेटीपुढे अंग टाकण्यापुरती जमीन. दिवसपाळीवाला उठला की त्याच्या जागी रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. जमीन कधी थंड पडायची नाही.

खोलीचा एक रिवाज होता. माणूस वारला तर त्याच्या घरचं कुणीतरी गावाहून येऊन पेटी घेऊन जायचं. तोवर जागा त्याचीच. गिरण्या बंद पडल्या, माणसं पांगली, एकेक करून वारली. पेट्या न्यायला मात्र कुणी आलं नाही. आता खोली रिकामी असली तरी गुणाजी दाराजवळच्या आपल्या जागेवरच झोपायचा. मोरीकडे जाताना मधल्या जागा वळसा घालून ओलांडायचा. कधी सकाळी केर काढताना हात जमिनीला लागायचा. जिथे कुणी झोपलेलं नाही तिथे ती उबदार लागायची. तो केर तसाच टाकून चहा ठेवायचा.

सरकारने चाळ पुनर्विकासाला घेतली. खोलीत जो प्रत्यक्ष राहतो त्याला नव्या इमारतीत घर, आणि ती उभी राहीपर्यंत संक्रमण शिबिरात खोली. गावच्या मंडळाचा चिटणीस हितेंद्र माझगावहून मुद्दाम सांगायला आला.

"गुणाकाका, उद्या सर्वेची बाई येतली. कोण कोण रवता विचारल्यान, तर सांगायचा, मी एकटोच. मंडळान आपलो हक्क सोडल्यान. घर तुमच्या नावार."

"आणि ह्येंचा काय?" गुणाजीने पेट्यांकडे मान वळवली.

"मेलेल्यांचे अंगठे घेतत काय खय?" हितेंद्र हसला. मग त्याचं हसू आपोआप विझलं. तो उंबऱ्याच्या आत आला नव्हता. "काका, एक नाव जरी जास्त घेतलात तरी त्येचे वारस उभे रवतले, आणि तुम्ही फुटपाथार."

ते खरं होतं. गुणाजीचं लग्न झालं नव्हतं, आणि गावी पुतण्यांनी बांधलेल्या घरात त्याला कोपरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सर्वेची मुलगी आली. उर्वी तिचं नाव, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. कुणी न सांगता तिने चपला बाहेर काढल्या आणि भिंतीला पाठ लावून, मधली जमीन टाळत ती खिडकीपर्यंत गेली.

"काका, किती जण राहता?"

या खोलीत 'मी एकटा' असं कधी कुणी बोललं नव्हतं.

"एकटोच," तो म्हणाला. मग शुद्ध बोलायचं म्हणून, "मी एकटाच राहतो."

खोलीत काही हललं नाही. तिने अंगठा घेतला. टॅबला जोडलेल्या यंत्राने तो लगेच ओळखला.

"आता एक फोटो. रूममध्ये फक्त तुम्ही हवेत हां." ती टॅब धरून स्क्रीनकडे बघत राहिली. मग कपाळाला आठी घालून, सगळीकडे सांगावं लागतं तशा सवयीच्या आवाजात म्हणाली, "काका, बाकीच्यांना जरा बाहेर थांबायला सांगा ना. फ्रेममध्ये येतायत."

गुणाजीने मागे वळून पाहिलं नाही. घर समोर होतं, एका फोटोच्या अंतरावर.

"जरा भायर जावा रे," तो हळू म्हणाला.

बाहेर गॅलरीच्या फळ्या करकरल्या, एकामागून एक, बराच वेळ.

"हं, आता ओके," उर्वी म्हणाली आणि फोटो काढला. "झालं काम, काका. तुम्ही पात्र आहात." निघताना ती गॅलरीतून अंग चोरून, कठड्याला खेटून गेली, जशी माणसांनी भरलेल्या वाटेने जावी. जिन्यापाशी "एक्स्क्यूज मी" म्हणाली आणि उतरली.

गुणाजी उंबऱ्यात आला. गॅलरीत उन्हाशिवाय काही दिसत नव्हतं. पण कुणी खाकरलंही नाही, आणि तेच त्याला सहन होईना. त्यांनी त्याचं ऐकलं होतं. निमूटपणे बाहेर जाऊन उभे होते. आता 'आत या' म्हणावं, तर दिलेला जबाब खोटा ठरत होता. न म्हणावं, तर इतकी वर्षं एका छपराखाली निजलेली माणसं त्याच्या शब्दाने बेघर झाली होती.

त्याने दाराच्या फळीवर हात ठेवला. ते लावायचं की उघडं टाकायचं, हे त्याला दिवे लागेपर्यंत ठरवता आलं नाही.