पडलेल्यांची बैठक

“मी पडलंय, माझो आवाज पडूक नाय!”

कोणी त्यांच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलू लागलं की भाऊ हे वाक्य अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे. समोरचा दचकायचा. मग भाऊ हसून म्हणायचे, “हां, आता नीट बोल.”

गाव त्यांना भाऊ म्हणायचं, मीही इथे तेवढंच म्हणतो. मालवणच्या उत्तरेला, खाडीच्या अलीकडे आमचं गाव. कुडाळला रेल्वे येऊ लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी रिक्षा घेतली आणि भाऊ माझे पहिले कायमचे गिऱ्हाईक झाले. त्याआधी ते माडांवर चढून नारळ काढायचे. एका सकाळी, पाऊस नुकताच उघडला होता, शेवाळलेल्या माडावरून त्यांचा हात सुटला. पाठीच्या कण्याला मार लागला आणि कमरेखालचं शरीर गेलं. तेव्हा ते पस्तिशीचे असतील.

पडण्याची ही हकिकत ते कुणालाही सांगत. लग्नात, दुकानावर, तिकीट फाडणाऱ्या कंडक्टरला. दर वेळी माड थोडा उंच व्हायचा. घरात सांगत असले की त्यांची बायको, आमच्या वहिनी, चुलीपासून ओरडायच्या, “माड तितकोच आसा! ह्येंची जीभ वाढता.”

भाऊ शांतपणे उत्तर द्यायचे, “तू खालसून बघलंस. मी वयरसून बघलंय.”

पहिल्या दिवशी मी रिक्षा त्यांच्या अंगणात लावली आणि त्यांना उचलायला पुढे झालो. चांगलं काम करतोय असंच मनात होतं. त्यांनी हात वर केला. “थांब रे. मी काय नारळांचां पोतां न्हय.” मग मांडीखालून एक गुळगुळीत फळी काढली, चाकांच्या खुर्चीवरून रिक्षाच्या मागच्या सीटवर पुलासारखी टाकली आणि हातांच्या जोरावर सरकत आत येऊन बसले. माड चढून कमावलेले हात होते ते. खुर्ची घडी करून मागे बांधायची एवढंच माझं काम.

दवाखान्यात जायचं असेल असं मला वाटलं होतं. भाऊ म्हणाले, “शेजारच्या गावात एक जण पडलो आसा. तेका भेटूक जाऊया.”

तुम्ही आमच्या भागात आलात तर अंगण सारवलेलं दिसेल, तुळस दिसेल, माणसं सोलकढी पुढे करतील. मागच्या खोलीत कोण निजलेलं आहे ते मात्र तुम्हाला कोणी दाखवणार नाही. मीही त्याच भागात वाढलो, पण अशा खोल्या किती आहेत हे मला भाऊंबरोबर फिरू लागल्यावरच कळलं.

त्या घरात म्हातारा बाप बाहेर आला. “तो कोणाबरोबर बोलणा नाय,” म्हणाला. घराला चार पायऱ्या होत्या. भाऊ अंगणातच थांबले आणि दाराकडे तोंड करून आपल्या पडण्याची गोष्ट सांगू लागले. त्या दिवशी माड इतका उंच झाला की वरून म्हणे गोव्यातली चर्च दिसत होती, आणि पडता पडता दोन झावळ्या आणि एक कावळा भाऊंना भेटून गेला.

आतून एक घोगरा आवाज आला, “इतको उंच माड खंय आसता?”

बाप दाराची चौकट धरून उभाच राहिला. भाऊ मला बारीक आवाजात म्हणाले, “इलो बघ भायर.”

असे एकेक करून बाहेर आले. झाडावरून पडलेले, लहानपणी पोलिओ झालेले, डोळ्यांनी न दिसणारे, एक कानांनी न ऐकणारा होड्या रंगवणारा माणूस. महिन्यातून एका दुपारी भाऊंच्या अंगणात फणसाखाली सगळे जमायचे. भाऊंनी नाव ठेवलं, पडलेल्यांची बैठक. कोणीतरी म्हणालं, नाव जरा बरं ठेवा. “पडल्याक पडलो म्हणूक लाज कसली?” भाऊ म्हणाले, आणि नाव राहिलं.

बैठकीचा नियम एकच होता. ज्याची गोष्ट त्याने सांगायची. रंगारी हातवाऱ्यांनी सांगायचा आणि त्याच्या बायकोला ते बोलून दाखवायचं असेल तर आधी त्याच्याकडे बघून परवानगी घ्यावी लागायची. सुलोचना नावाच्या मुलीची आई पहिल्या दिवशी तिच्याबरोबर आली आणि पदर डोळ्यांना लावून सुरू झाली, “माझ्या चेडवाक दोन वर्सांची आसताना ताप इलो…” भाऊंनी हात जोडले. “काकी, तुमची गोष्ट तुमी सांगा. तिची ती सांगतली.”

सुलोचना मात्र सांगत नव्हती. गाबितांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्या घरातली मुलगी, तिशीच्या आसपासची, दोन्ही पाय पोलिओने गेलेले. हातांनी फिरवायची तीनचाकी सायकल तिला सरकारी शिबिरात मिळाली होती. ती यायची, मांडीवर फाटकं जाळं घ्यायची, ते दुरुस्त करत ऐकायची आणि परत जायची. भाऊंनी तिला कधी आग्रह केला नाही. मला याचं आश्चर्य वाटायचं, कारण गप्प बसलेलं माणूस भाऊंना सहसा बघवायचं नाही.

गोष्टींमधून हळूहळू एकच तक्रार वर येऊ लागली. पायऱ्या. आमच्याकडे सगळं चिऱ्याच्या उंच जोत्यावर. पंचायत तशी, आणि नवीन झालेलं आरोग्य उपकेंद्रही तसंच. दुखलं तर डॉक्टर वर आणि माणूस खाली. पायऱ्यांच्या बाजूला उतार बांधा म्हणून भाऊ पंचायतीत अर्जावर अर्ज देत राहिले, म्हणजे मी आत नेऊन देत राहिलो. उत्तर यायचं नाही.

शेवटी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला आम्ही सगळे गेलो. झेंडावंदन झालं, मुलं खाऊ घेऊन पांगली, लोक पायऱ्या चढून सभागृहात गेले. बैठकीची माणसं खालीच राहिली, सायकली, खुर्च्या, काठ्या घेऊन, पंचायतीच्या मोकळ्या आवारात, उन्हात.

सरपंच बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. “भाऊ, असे खाली कित्याक? पोरगे आसत, उचलून वयर घेतत तुमका.”

“आमका उचलू नकात. सभा खाली आणा.”

ग्रामसेवक मागून म्हणाले, “सभा सभागृहातच होते. बाहेरचं बोलणं इतिवृत्तात घेता येत नाही.”

“मगे तुमचां इतिवृत्त घेऊन भायर येवा,” भाऊ म्हणाले. दारात उभे राहिलेले लोक हसले.

सरपंचही हसले, पण मग गंभीरपणे बोलले. उताराच्या कामाला तरतूद नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही नाही. “अहो, आमी आसंव मां उचलूक! जत्रेक तुमका खुर्चीसकट देवळात नेतंव काय नाय? गावात माणुसकी मरूक नाय अजून.” दारातल्या माना हलल्या. मलाही ते पटल्यासारखंच झालं. भाऊ स्वतःच तर त्या उचलण्याची नक्कल करून लोकांना हसवायचे. ‘माझी पालखी’ म्हणायचे त्याला.

भाऊंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात सुलोचनाने हात वर केला.

भाऊ थांबले. तोंड उघडून, एवढे लोक समोर असताना, भाऊ बोलायचे थांबले असं मी पहिल्यांदाच बघितलं.

“माका शेजारचे उचलतत,” ती म्हणाली. आवाज लहान होता, त्यामुळे आतले लोक दाराशी आले. “चांगले आसत सगळे. पण उचलताना हात खंय लागता, ता उचलणाऱ्याक कळणा नाय. काय जणांक कळता.” ती जरा थांबली. “गेली दोन वर्सां माझ्या पोटात दुखता. डॉक्टराकडे गेलंय नाय. कोणाक सांगूचां, माका उचला म्हणान? कित्याक जाणंय नाय, ता माझ्या आयेकय सांगूक नाय. आज सांगतंय.”

सुलोचनाने मान खाली घातली नव्हती. उलट पुरुषांतल्याच काहींच्या माना खाली गेल्या होत्या.

मग मासे विकणारी एक म्हातारी दारातल्या माणसांना बाजूला सारत बाहेर आली, कमरेला हात देत एकेक पायरी उतरली आणि सुलोचनाच्या सायकलीला टेकून मातीत बसली. तिच्यामागून दुसरी आली. मग बायकाच बायका. त्या सगळ्या खाली येऊन बसल्यावर सरपंच किती वेळ वर उभे राहणार? तेही उतरले. ग्रामसेवक सगळ्यांच्या शेवटी आले, आणि त्यांनी उतारांचा ठराव गुडघ्यावर कागद ठेवून लिहिला.

परतीच्या वाटेवर, घर जवळ आल्यावर, भाऊ रिक्षात म्हणाले, “ह्या उचलण्यावर मी किती हसवलंय रे लोकांक.” पालखीची नक्कल मी त्यानंतर कधी बघितली नाही.

काम व्हायला पुढचा पावसाळा जावा लागला. गवंड्याने जागा वाचवायला उतार असा उभा घातला की बकरीसुद्धा विचार करून चढली असती. भाऊ खालून वर बघत राहिले. “ह्यो उतार न्हय, ह्यो माड आसा. हेच्यावरसून मी परत पडतलंय.” गवंड्याला राग आला, मग हसू आलं, मग त्याने तो फोडला आणि वळण घेऊन लांब, निवांत असा दुसरा घातला.

उपकेंद्राच्या उतारावरून पहिल्यांदा सुलोचना गेली. एकटी. आईलाही तिने खाली थांबवलं. हातांनी सायकल फिरवत वळणापर्यंत गेली, दम घेतला, आणि आत दिसेनाशी झाली. आम्ही बाहेर थांबलो. तुम्हीही कधी वर जाऊन डॉक्टरांना दाखवून या, मी भाऊंना म्हटलं. “माका काय झालां हा? मी बरो आसंय,” भाऊ म्हणाले. सुलोचनाला पुढे तपासणीला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात पाठवलं, ऑपरेशन झालं, ती बरी झाली.

भाऊ मात्र बरे नव्हते. सतत बसून त्यांना जखमा होत, त्या भरत नसत. पुढे पुढे दिवसभर पालथं निजावं लागे. मी दुपारच्या रिकाम्या वेळात जाऊन बसायचो. बोलायचे, पण आता तेच प्रश्न जास्त विचारायचे.

एका दुपारी उशीवर गाल टेकवून म्हणाले, “इतकी वर्सां माका फिरवतस. सगळ्यांच्यो गोष्टी ऐकलंस. तुझी सांगलंस नाय.”

“माझी कसली गोष्ट, भाऊ?”

“गाबिताचो झील तू. घरची होडी सोडून रिक्षा कित्याक?”

हा प्रश्न मला खूप जणांनी विचारला होता, आणि मला इंजिनाची आवड आहे असं उत्तर मी सगळ्यांना दिलं होतं. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. मी सांगायला लागलो. खाडीच्या मुखाशी, जिथे पाणी फुटतं, तिथे आमची होडी कशी उलटली. मी एकोणीस वर्षांचा होतो. वडील एका बाजूला फेकले गेले, मी होडीखाली. वर उजेड दिसत होता, पण वर कुठल्या बाजूला ते कळत नव्हतं.

भाऊंनी डोळे मिटले होते. झोप लागली असेल म्हणून मी थांबलो.

“जागो आसंय,” ते म्हणाले. “सांग.”

पण वहिनी औषध घेऊन आल्या, मला एक भाडंही होतं. उद्या सांगतो म्हणून मी उठलो. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला आणि इस्पितळात न्यावं लागलं. तिथून भाऊ परत आले नाहीत.

बैठक दोन महिने झाली नाही. मग सुलोचनाने मला निरोप पाठवून सगळ्यांना आणायला सांगितलं. वहिनींनी फणसाखाली झाडून ठेवलं होतं. लोक आले, बसले, आणि कोणालाच सुरुवात करता येईना. सुलोचनाने सगळ्यांकडे बघितलं, मग रिक्षाला टेकून उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं.

“आज ड्रायव्हर सांगतलो,” ती म्हणाली.

मी पायांनी धडधाकट माणूस, माझं इथे काय काम, असं म्हणणार होतो. पण मी पुढे गेलो आणि मातीत बसलो. समुद्राची इतकी भीती वाटते की किनाऱ्यावरून रिक्षा नेतानाही मी पाण्याकडे बघत नाही, हे गावात कोणाला माहीत नव्हतं. सुरुवातीचा भाग ज्यांना सांगायचा होता त्या भाऊंना सांगून झाला होता. म्हणून मी पाण्याखाली होतो, तिथपासून सुरुवात केली.